घरीच बसवला

मनुष्याने आपला पोटापाण्याचा उद्योग आटोपून उरलेल्या वेळात दुसऱ्याचा उद्योग विनावेतन करावा, आणि त्यासाठी पदरचे पैसेही मोजावेत, ही वासना कोणत्या हवापाण्याने उत्पन्न होते हे शास्त्रज्ञांनी अद्याप सांगितलेले नाही. परंतु मिशिगन राज्याच्या हवापाण्याने ती हटकून उत्पन्न होते, एवढे डेट्रॉईटच्या आसपास स्थायिक झालेल्या आपल्या महाराष्ट्रीय बंधूंकडे पाहून छातीठोकपणे सांगता येईल. पुण्यास असताना ज्या गृहस्थाने स्कूटरच्या प्लगवरचा कचरादेखील कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला बोलावूनच काढविला, घरातला दिवा गेला तर वायरमनला निरोप धाडून तो येईपर्यंत अंधारात स्वस्थ बसण्याची ज्याच्या घराण्याची रीत, तोच गृहस्थ येथे शनिवारी सकाळी जुनी विजार चढवून, गॅरेजच्या गार फरशीला पाठ टेकून, आपल्या गाडीच्या पोटाखाली कमरेपर्यंत अदृश्य झालेला आढळतो. सोमवार ते शुक्रवार तो एका मोटारकंपनीत संगणकावर गाड्यांच्या सांगाड्यांचे आराखडे तयार करतो; त्यामुळे गाडीची खालची बाजू त्याने हजारो वेळा पाहिलेली असते. फक्त त्या आराखड्यात गंज नसतो.

सांप्रत तो गाडीला हिच बसवीत आहे. हिच म्हणजे ट्रेलर जोडण्यासाठी गाडीच्या मागील अंगास, सांगाड्याला खालून आवळावयाचा चाळीस-पन्नास पौंडांचा पोलादी आडवा दांडा आणि त्याच्या मध्यभागी दोन इंची चौकोनी तोंड. गृहस्थाजवळ ट्रेलर नाही. नौका नाही, आणि पाण्याची त्याला भीती वाटते. मग हिच कशाला, असे विचारण्याचा आगाऊपणा आपण केलाच तर तो गंभीरपणे म्हणतो, "गाडीची ३५०० पौंड ओढायची ताकद आहे, कंपनीनं कागदोपत्री लिहून दिलीय. ती काय वाया घालवायची?" या युक्तिवादाला उत्तर नाही. ताटात वाढलेले टाकू नये, हा संस्कार इतक्या दूरवर आणि इतक्या अवजड स्वरूपात टिकून राहिलेला पाहून माझा तर ऊरच भरून येतो.

मूळ प्रकरणास तोंड फुटते ते मजुरीच्या आकड्यावरून. दुकानदाराने बसविण्याचे १५० डॉलर सांगितले, आणि गृहस्थाच्या अंतःकरणात स्वाभिमान, स्वावलंबन व रुपयाचा चालू भाव हे तिन्ही एकदम जागृत झाले. "सहा बोल्ट पिळायचे दीडशे डॉलर?" एवढे बोलून तो हत्यारांच्या दुकानात गेला आणि जॅक, स्टँडांची जोडी, सॉकेटांची पेटी, ठरलेल्या जोराला 'कट्' असा रुकार देणारा टॉर्कचा पाना आणि पाठीखाली घ्यावयाची चाकांची फळी घेऊन आला. त्यांचे बिल वहिनींच्या हाती लागले तेव्हा त्याने केलेला खुलासा कोणत्याही दिवाणाला शोभावा असा होता: हत्यारे हा भांडवली खर्च आहे, सबब तो हिचच्या खाती पडत नाही, हिचच्या खाती फक्त दीडशेची बचत पडते. वहिनी स्वतः हिशेबतपासनीस आहेत. त्यांनी बिल मुकाट्याने घडी करून ठेवले. तसली बरीच बिले त्यांच्या दप्तरी जमा आहेत.

हे काम अर्ध्या तासाचे आहे, असे त्याने पाहिलेल्या चित्रफितीत सांगितलेले असते. त्या चित्रफितीतील गाडी पुरुषभर उंच उचललेली, लखलखीत आणि बहुधा ज्या प्रांतात बर्फ पडत नाही तेथली असते. मिशिगनात रस्त्यांवर हिवाळाभर मीठ पडते, आणि खुद्द डेट्रॉईट शहराच्या पोटात हजार फुटांहून अधिक खोल मिठाची खाण असल्यामुळे त्यात काटकसर करण्याचे कुणाला कारण नाही. त्या मिठाने सांगाड्यातील तयार भोकांचे आटे असे खाऊन टाकलेले असतात की नवा बोल्ट दोन फेरे आत जातो आणि जो हटून बसतो तो पुढेही जात नाही व मागेही येत नाही. येथे गृहस्थ डब्ल्यूडी-४० चा डबा उचलतो, आणि फवारता फवारता मुलाला सांगतो की हे द्रव्य १९५३ साली सॅन डिएगोत क्षेपणास्त्रांचे पत्रे गंजू नयेत म्हणून शोधले गेले आणि ते चाळिसाव्या प्रयत्नाला साधले, म्हणून त्याचे नाव ४०. मुलगा हातावरचे घड्याळ पाहतो. त्याची फुटबॉलची वेळ झालेली असते, आणि बाबांचा प्रयत्न तूर्त पहिल्या बोल्टावरचा असतो.

मुलाची कामगिरी बॅटरी धरण्याची. ही दिसते तितकी सोपी नाही.

"अरे, तिकडे काय ठेवलंय? इकडे धर!"

"इकडे म्हणजे कुठे, बाबा?"

"मी बघतोय तिथे!"

बाबांचे डोळे सायलेन्सरच्या पलीकडे असल्यामुळे ते कोठे बघत आहेत हे ब्रह्मदेवालाही सांगता आले नसते. सायलेन्सर आधी खाली लोंबता केलेला असतो. त्याचे रबरी कान साबणाच्या पाण्याने भिजविल्यावाचून निघत नाहीत, ही विद्या गृहस्थाने स्वतःच्या कपाळावरील एका टेंगळाच्या मोबदल्यात मिळविली आहे.

परंतु खरी परीक्षा पुढेच आहे. ज्या ठिकाणी तयार आटे नसतात, तेथे बोल्ट पोकळ सांगाड्याच्या आतून बाहेर काढावा लागतो. त्याकरिता एका टोकाला वेटोळे असलेली तार मिळते. ती बोल्टाच्या भोकातून आत सरकवून लांबच्या मोठ्या भोकातून बाहेर ओढावयाची, तिच्यात आधी चौकोनी पट्टी ओवून मग वेटोळ्यात बोल्ट फिरवावयाचा, आणि दोहोंना आत लोटून, अंधाऱ्या विहिरीत पडलेली कळशी गळाने वर काढावी तितक्या हळुवारपणे तार खेचीत बोल्टाचे टोक भोकाबाहेर आणावयाचे. ते आले. गृहस्थाने "आलं, आलं!" म्हणून आनंदोद्गार काढले, नटासाठी हात लांबविला, आणि तेवढ्यात वेटोळे सुटून बोल्ट सांगाड्याच्या पोटात कायमचा वास्तव्यास गेला. त्यानंतर ती गाडी प्रत्येक वळणावर खुळ्ळ असा आवाज करते. मी तिच्यात बसलो की गृहस्थ त्या क्षणी नेमका रेडिओ मोठा करतो.

ट्रेलरच्या दिव्यांसाठी जोडावयाच्या तारांचे काम त्या मानाने सुखाचे. पांढरी जमिनीची, तपकिरी मागच्या दिव्यांची, पिवळी डावीकडची, हिरवी उजवीकडची, असा त्यांचा वर्णाश्रम कायम ठरलेला आहे. रविवारी दिवेलागणीस टॉर्कच्या पान्याने अखेरचा 'कट्' दिला. तो आवाज गृहस्थाने सर्वांना बोलावून पुन्हा ऐकविला.

पुढे वर्षभर त्या चौकोनी तोंडात सायकली टांगण्याची घोडी तेवढी बसली. अखेर गणेशोत्सव आला, मखर नेण्याचा प्रश्न मंडळापुढे उभा राहिला, आणि गृहस्थ कार्यकारिणीत उठून म्हणाला, "माझ्याकडे हिच आहे." भाड्याचा ट्रेलर आणला. १९४५ साली वॉशिंग्टन राज्यातील शोएन दांपत्याने यू-हॉलचा धंदा काढून परक्याचा ट्रेलर स्वतःच्या गाडीमागे बांधण्याची चाल या देशात कशी रूढ केली, हे त्याने मखर चढविणाऱ्यांना सांगितले. ट्रेलरच्या एकूण वजनापैकी दहा ते पंधरा टक्के भार हिचवर यावा म्हणून समया आणि सतरंज्यांच्या जागा त्यांच्याकडून पुनःपुन्हा बदलून घेतल्या. साखळ्या ट्रेलरच्या दांड्याखाली फुलीसारख्या अडकविल्या. आणि मिरवणुकीच्या गतीने शाळेच्या सभागृहापाशी आणून तो मागे घेऊ लागला.

ट्रेलर उजवीकडे जावयाचा तर चाक डावीकडे फिरवावे लागते. हे गृहस्थाला ठाऊक होते. पण मंडळाचे पदाधिकारीही गाडीच्या चोहोबाजूंनी उभे राहून आपापला उजवा-डावा ओरडून सांगत असल्याने ट्रेलर व गाडी यांचा लवकरच काटकोन झाला. सरतेशेवटी चौघांनी मखर तेथेच उतरवून खांद्यावर घेतले. गृहस्थ खाली उतरला, हिचला हात लावून पाहिला आणि म्हणाला, "तसूभर हललेला नाही!"

एवढ्यात मंडळात नव्यानेच आलेला एक तरुण पुढे झाला आणि त्याने अदबीने विचारले, "काका, हा हिच कुठून बसवून घेतलात?"

"बसवून घेतला? छे हो! घरीच बसवला."

आतून "मखर आणा!" अशी हाक आली, पुन्हा आली, दोन्ही खांद्यांना रग लागून चौघांनी बाजू बदलल्या, पण ते गाडी आणि दार यांच्या मधोमध अडकले होते, आणि वाट अडवून उभ्या असलेल्या गृहस्थाचे निवेदन अद्याप दुसऱ्या बोल्टापर्यंतच पोहोचले होते.