सुट्टे आहेत का?

१९७८ साली मोरारजी देसाईंच्या सरकारने हजार, पाच हजार आणि दहा हजारांच्या नोटा रद्द केल्या, तेव्हा आमच्या चाळीत कुणाची झोपमोड झाली नाही. आई म्हणते, "रद्द झाल्या तेव्हा कळलं की अशा नोटा असतात."

२०१६ पर्यंत आमची तेवढी प्रगती झाली होती. ८ नोव्हेंबरला रात्री आठला पंतप्रधानांनी पाचशे-हजाराच्या नोटा बंद केल्या. "आपल्याकडे काळा पैसा नाही, आपण कशाला घाबरायचं?" असं घरात ऐटीत सांगून मी स्कूटर काढली आणि थेट पेट्रोल पंप गाठला. तिथे जुन्या नोटा आणखी काही दिवस चालणार होत्या. अख्खं गाव आधीच पोचलेलं.

पंपावरचा पोरगा म्हणाला, "काका, पाचशेचं टाकतो. सुट्टे मागायचे नाहीत."

पेट्रोल तेव्हा सत्तरीच्या घरात, माझी टाकी पाच लिटरची, त्यात निम्मी भरलेली. उरलेल्या पैशांत त्याने मला ऑइलच्या बाटल्या दिल्या. त्या माळ्यावर अजून सुखरूप आहेत. पण घरी परतलो ते गड जिंकल्याच्या थाटात. पैसे गेले याचं काहीच वाटलं नाही, नोट खपली याचाच आनंद. पुढे महापालिकांनी जुन्या नोटांत घरपट्टी घ्यायला सुरुवात केली, तेव्हा वर्षानुवर्षं तिसऱ्या नोटिशीशिवाय न हलणारा मी थकबाकी भरायला सकाळी सातला रांगेत उभा होतो. हजार हजार असे हसत मोजून दिले. पाकिटातल्या शंभराच्या दोन नोटांना मात्र हात लावू दिला नाही. बायकोलासुद्धा.

मग बँकेची रांग. चार हजार बदलून मिळाले, म्हणजे दोन हजारांच्या दोन कोऱ्या, गुलाबी नोटा; मागे मंगळयान. त्या खिशात घालून भाजीवाल्या मावशींकडे गेलो. दहाची कोथिंबीर घेतली आणि एक नोट पुढे केली. मावशींनी ती बघितलीसुद्धा नाही. "राहू दे दादा, सवडीने दे." खिशात चार हजार असताना मी कोथिंबीर उधार आणली.

त्या महिन्यात माणसाची पत त्याच्याकडच्या सुट्ट्यांवर ठरू लागली. ज्या शेजाऱ्याशी पार्किंगवरून माझं बोलणं बंद होतं, त्याच्याकडे दहाच्या नोटांचं बंडल आहे असं कळल्यावर मी त्याला चहाला बोलावलं. तो आला, दोन कप प्यायला, बंडलाचा विषय काही काढेना. शेवटी सातवीतल्या मुलीचा गल्ला फोडायला निघालो. तिने साडेसहाशे रुपये मोजून दिले आणि वहीत लिहून घेतले. व्याज आठवड्याला एक टक्का. सही घेतली.

त्यातच सरकारकडून खुलासा आला की नव्या नोटेचा रंग थोडा जातो, जाणारच. जात नसेल तर ती खोटी. खात्री करून घ्यावी म्हणून मी एक नोट ओल्या रुमालाने घासली. रंग गेला. भरपूर गेला. रुमाल गुलाबी झाला आणि नोट अशी फिकुटली की खरी असूनही एकही दुकानदार ती घेईना. अशा रीतीने आयुष्यात पहिल्यांदाच माझ्याकडून बचत झाली. दुसरी नोट पहिल्या आठवड्यात किराण्यात गेली; ही शब्दकोशात तब्बल साडेसहा वर्षं टिकली.

१९ मे २०२३ ला रिझर्व्ह बँकेने दोन हजाराची नोट मागे घ्यायचं ठरवलं. नोट वैध, पण परत करा, असं काहीसं ते होतं. मी गेलो. कॅशियरबाईंनी नोट उजेडात धरली, माझ्याकडे बघितलं, पुन्हा नोटेकडे बघितलं.

"धुतली होती का?"

"तपासली होती."

पाचशेच्या चार नोटा मिळाल्या. घरी आलो तर मुलगी वही काढून बसलेली. ती तेव्हा बी.कॉम.ला होती, चक्रवाढ व्याज शिकलेली. तिने चारही नोटा उचलल्या, मोजल्या आणि मोबाईलवरचा क्यूआर कोड माझ्यापुढे धरला.

"बाकीचे इथे टाका, बाबा. सुट्ट्यांचा प्रश्नच नाही."