मोठ्या माणसांना जंगलात सोडावं का?

लहान मुलाला सफारीला आणू नये, असं जंगलातल्या जाणत्या मंडळींचं ठाम मत असतं. जाणता म्हणजे ज्याच्या कॅमेऱ्याची लेन्स जिप्सीत पोरापेक्षा जास्त जागा अडवते तो. पोर रडतं, मध्येच ‘शू आली’ म्हणतं, बिस्किटाचा पुडा खुसखुस वाजवतं आणि नेमका वाघाची वर्दी देणारा कॉल सुरू झाला की मोठ्यांदा विचारतं, ‘बाबा, माकड का ओरडतंय?’ हे सगळे गुन्हे कबूल. पण बंदीच घालायची, तर जंगलाला आजवर ताप कोणी दिला याचा हिशेब आधी मांडायला हवा. तो मांडायला बसलं की आरोपींच्या रांगेत एकही दुधाचे दात असलेला सापडत नाही. ३१ डिसेंबर २०२४ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-२ वाघीण आपले पाच बछडे घेऊन रस्त्यावर आली, तेव्हा जिप्सींनी तिला दोन्ही बाजूंनी कोंडलं. चालक-गाईडांवर कारवाई झाली, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. पाच लेकरांच्या आईची वाट अडवून ‘अजून थोडी पुढे घ्या’ म्हणणाऱ्यांचं वय काय असेल, हे सांगायला न्यायालयाची गरज नाही. ताडोबाच्या कोअरमध्ये मोबाइल न्यायला बंदी आहे, तीही काही बालवाडीच्या सेल्फीवेडामुळे आलेली नाही.

खरी अडचण अशी की मोठा माणूस जंगलात जातच नाही, तो वाघाला भेटायला जातो. ताडोबा हे राज्यातलं सर्वांत जुनं राष्ट्रीय उद्यान, १९५५ सालचं. बफर धरून आजचा व्याघ्रप्रकल्प सतराशे चौरस किलोमीटरांहून मोठा. एवढ्या पसाऱ्यातून मोठ्यांना हवी असतात वाघांची चार-पाच नावं: माया, जुनाबाई वगैरे. माया २०२३पासून दिसलेली नाही, तरी तिची चौकशी थांबत नाही. सांबर दिसलं की ‘चला पुढे’, चितळ दिसलं की ‘हे खूप असतात’, आणि गेटवर परतताना समोरच्या जिप्सीला एकच प्रश्न, ‘साइटिंग झाली?’ पोराला मात्र ही यादी कोणी दिलेली नसते. त्याला वारूळही बघायचं असतं, तळ्याकाठची मगरही आणि दोन झाडांमध्ये जाळं ताणून बसलेला तळहाताएवढा कोळीही. पांढऱ्या सालीच्या कांडोळाला भुताचं झाड म्हणतात, हे कळलं की पुढचा अर्धा तास ते भुतंच मोजतं. माकड का ओरडतंय, हा त्याचा प्रश्न तर अख्ख्या जिप्सीतला सर्वांत शास्त्रीय प्रश्न असतो, कारण वानराच्या त्या ओरडण्यावरच सगळी साइटिंग उभी असते. गाईड बहुधा जवळच्याच गावचा, ऐन, मोह, तेंदू ओळखीनं जाणणारा. त्याला वाघाच्या पत्त्यापलीकडे काही विचारणारं गिऱ्हाईक म्हणजे हे पोरच.

यावर हरकत येते ती पैशांची. जिप्सी, गाईड, प्रवेशशुल्क एवढं सगळं भरून मुंग्या बघायच्या? पण पावती जंगलात शिरण्याची असते, वाघाने त्यावर सही केलेली नसते. दुसरी हरकत खरोखर वजनदार आहे. उघड्या जिप्सीत तासन्‌तास बसायचं, खाली उतरायचं नाही, डोक्यावर चंद्रपूरचं पंचेचाळीस अंशांपुढचं ऊन, यात तीन-चार वर्षांच्या जिवाचे हाल होणारच. शिवाय सीटवर उभं राहून बाहेर झुकणारं मूल धोक्यातही असतं. हे खरंच आहे. पण मेचा मुहूर्त कोणी काढला? पाणवठे आटले की वाघ पाण्यावर हमखास येतो, म्हणून मोठ्यांनीच ना! आपल्या साइटिंगसाठी भट्टीचा महिना निवडायचा आणि भट्टीत पोर रडलं की पोरच जंगलाच्या लायकीचं नाही असं ठरवायचं, हा न्याय लांडग्याने कोकराला दिला होता. सीटवर उभं राहण्याचं म्हणाल, तर ते मूल पाहून शिकतं. कोणाला, हे शेजारच्या जिप्सीत दिसेलच.

तेव्हा वन विभागाने उलटाच नियम करून बघावा. प्रौढ पर्यटकाला जबाबदार बालकाशिवाय प्रवेश नाही, आणि त्याच्या वर्तनाची हमी बालकाने घ्यावी. तो नियम येईपर्यंत मूल घेऊन जाणाऱ्यांनी मे सोडून हिवाळा धरावा, पहाटेच्या गारठ्याऐवजी दुपारची फेरी घ्यावी आणि कोअरचा हट्ट न धरता बफरचं बुकिंग करावं. निघण्याआधी पोराला शू करवून आणावी. आणि परतल्यावर त्याला ‘वाघ दिसला का?’ असं विचारणाऱ्या काका-मामांना पुढच्या खेपेला घरीच ठेवावं.