आईला यमक कसं जुळवावं: नवशिक्यांसाठी देगलुरी मार्गदर्शिका

देगलुरात कवी व्हायला पुस्तक छापावं लागत नाही. शेजारची लग्नपत्रिका, गल्लीतल्या आजींच्या तेराव्याचा फ्लेक्स, शाळेच्या स्नेहसंमेलनाचं सूत्रसंचालन, यातलं एखादं काम अंगावर आलं की पुरे. "तुम्ही लिहिता म्हणे. आईवर चार ओळी द्या, पोरगं फ्लेक्सवाल्याकडं बसून आहे," असा फोन येतो आणि चांगला संसारी माणूस कवी होतो. पुढच्या तासाभरात मजकूर द्यायचा असतो. ही मार्गदर्शिका त्या तासापुरती आहे. ज्यांच्याकडे दोन तास आहेत त्यांनी मुक्तछंदात लिहावं.

आधी 'आई' लिहायचं की 'माय', ते ठरवा. घरात हाक 'माय' अशी मारायची आणि कागदावर 'आई' लिहायचं, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. दोष आपला नाही. साने गुरुजींची 'श्यामची आई' १९३५ साली आली ती कोकणातून, तिला माय कोण म्हणणार? कवी यशवंतांच्या कवितेचं नावही 'आई'च. आपल्या मराठवाड्याचे फ. मुं. शिंदे घ्या, त्यांची गाजलेली कविताही 'आई'. एवढ्या मोठ्या माणसांनी पायंडा पाडल्यावर नवशिका बिचारा काय करणार, तोही 'आई' लिहितो आणि यमकाला बसतो.

'आई'चा साठा वरवर भरपूर दिसतो: ताई, बाई, दाई, माई, जाई, गाई, राई, शाई, घाई. त्यामागे मिठाई, लढाई, कमाई, शिलाई, महागाई. हुरळून जाऊ नका. ताई, बाई, माई ही घरचीच मंडळी. त्यांना ओळीने बसवलं की कवितेची निमंत्रकांची यादी होते. 'जाई' कधी एकटी येत नाही, मागोमाग जुई आणते आणि बागेचं वर्णन करायला लावते. 'मिठाई' तेराव्याला चालत नाही, 'महागाई' मोर्चाला राखून ठेवलेली असते. उरली 'घाई'. हे यमक श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर इतकं झिजलंय की फोटोखाली 'वय ९२ वर्षे' असं छापलेलं असतं आणि त्याच्याखाली, का गं केलीस जाण्याची घाई! ब्याण्णव वर्षं थांबलेल्या बाईला अजून किती थांबवायचं?

विठाई, मुक्ताई, यमाई सुचली तर सांभाळून. या शब्दांच्या पोटात आईच बसलेली आहे, म्हणजे आईला आईचंच यमक. कीर्तनात हे खपतं, नव्हे शोभतं. गुंडामहाराजांपासून धुंडामहाराजांपर्यंत देगलूरकरांचं कीर्तन ऐकलेल्या गावात विठाईला नाही म्हणायची कोणाची छाती नाही. पण काव्यवाचन स्पर्धेत परीक्षक चष्म्यावरून बघतात आणि गुण कापतात.

आता थोडं शास्त्र. शेवटचं अक्षर जुळलं म्हणजे यमक झालं, अशी शाळेतली समजूत असते. तेवढ्यावर 'आई'ला सुई, भुई, कढई, सनई आणि जावई, सगळे जुळतात. पण कान फसत नाही, त्याला शेवटच्या अक्षराच्या आधीचा स्वरही सारखा लागतो. 'आई' आणि 'घाई' यांत 'आ' सारखा आहे म्हणून गोळी नेमकी लागते. 'आई' आणि 'सुई' हे जवळचं यमक, कानाजवळून गेलेलं. ज्यांना खोलात शिरायचं असेल त्यांच्यासाठी माधव जूलियनांचा 'छंदोरचना' हा ग्रंथ आहे, पण तो तासाभरात होणारा नाही. सुरेश भटांची 'गझलेची बाराखडी' आटोपशीर आहे आणि नवशिक्यांसाठीच लिहिलेली आहे. गझलेतली एक युक्ती इथे कामाला येते. पहिल्या शेरात, म्हणजे मतल्यात, 'आई' आणि 'ताई' घेतलीत की पुढे शेवटपर्यंत तो 'आ' सांभाळत बसायचं. मतल्यातच 'आई' आणि 'सुई' घेतलीत तर नुसती 'ई' पुरते, सगळं रान मोकळं. म्हणून शहाणा माणूस सुरुवातीलाच सुई टोचून ठेवतो.

देगलूरकरांकडे यापेक्षा सोपी युक्ती आहे. आपण 'नाही' म्हणत नाही, 'नाई' म्हणतो. 'काही'चं 'काई' करतो. प्रमाणभाषेच्या वहीत 'आई' आणि 'नाही' हे जवळचं यमक असेल, देगलूरच्या बसस्थानकावर ते चोख आहे. कागदावर 'नाही' असं शुद्ध लिहा, वाचणारा आपोआप 'नाई' वाचेल. पाहुण्या परीक्षकाने आक्षेप घेतला तर त्याला चार दिवस गावात ठेवून घ्या.

पण खरा माल 'माय'मध्ये आहे. साय, गाय, पाय, हाय, न्याय, उपाय, पर्याय, व्यवसाय. यातल्या 'साय'बद्दल सावधान. दुधावरची साय म्हणजे नातवंड, त्यामुळे कविता आईवरून आजीवर घसरते. 'गाय' आली की माय लगेच गरीब होते. 'व्यवसाय' बचतगटाच्या मेळाव्याला उत्तम. या सगळ्यांच्या वर बसतो तो 'काय'. 'आई'च्या यादीत असा एकही शब्द नाही. तो नाम नाही, त्याचं वर्णन करावं लागत नाही, आणि आपल्या बोलण्यात तो वाक्याच्या शेवटी आपसूक येतो: येणार का काय, झोपलास का काय. त्याला ओढून आणायची गरज नाही, तो दारातच उभा असतो. नमुन्यादाखल दोन ओळी इथेच जुळवून देतो:

पहाटेपासून चुलीपाशी बसून असायची माय,
कोणी विचारलं नाही तिला, जेवलीस का काय.

यात फूल नाही, देव नाही, घाई तर नाहीच. तरी घरातला थोरला मुलगा फ्लेक्ससमोर उभा राहून एकदा खाली बघेल, कारण तो प्रश्न त्याने विचारायचा होता. 'आई' आणि 'जाई' यांनी हे काम होत नाही, मी बघितलंय.

जात्यावर बसणाऱ्या बायकांना यातलं काही शिकवावं लागलं नाही. मराठवाड्यातल्या त्यांच्या ओव्यांमधून डॉ. ना. गो. नांदापूरकरांनी 'मऱ्हाटी स्त्रीरचित रामकथा' उभी केली. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रभरातून लाखावर ओव्या गोळा केल्या. जातं फिरत असताना ओळीचा शेवट लांबवून म्हटला की मधल्या व्यंजनातला फरक त्या लांबलेल्या स्वरात विरून जातो. तिथे जवळचं यमकही चोख वाटतं. फ्लेक्सला गळा नसतो. तो मोटारसायकलवरून जाता जाता वाचतात, त्यामुळे तिथे जुळणी कडकच लागते. लग्नातला उखाणा या दोन्हींच्या मधला: नवरी लाजत, भरभर म्हणते, शेवटी नाव आलं की टाळ्या पडतात, यमक कोण तपासतो?

सीमेवरच्या गावाला आणखी एक सोय आहे. आपण ओळीच्या शेपटीला यमक बांधतो. जुन्या तेलुगू आणि कन्नड कवितेत प्रास ओळीच्या तोंडाशी असतो, प्रत्येक ओळीचं दुसरं अक्षर जुळवायचं. म्हणजे मदनूरच्या आजोळी एक ओळ 'अम्मा'ने सुरू झाली तर पुढच्या ओळींतही दुसऱ्या जागी 'म्म' आणायचा. औरादकडच्या सोयऱ्यांना तर 'नम्म', म्हणजे आपला, हा शब्द तयारच आहे. ज्याचं आजोळ तिकडचं आणि घर इकडचं, त्याने ओळ दोन्हीकडून बांधावी. सुटणार नाही.

हौस फार वाढली तरी मोरोपंतांच्या वाटेला जाऊ नका. त्यांनी ओठाला ओठ न लावता म्हणता येईल असं निरोष्ठ रामायण रचलं. त्या नियमात माय, बाप, भाऊ, बहीण, मामा, मावशी, सगळं घर बाहेर पडतं. खुद्द रामाचं नावही घेता येत नाही! आत राहतात आई, काका, आजी आणि आत्या. 'आई'च्या बाजूने एवढा एकच मुद्दा मला मान्य आहे.

इतर नात्यांबद्दल थोडक्यात. 'बाप' या शब्दावर भाषेने अन्याय केलाय: साप, ताप, पाप, शाप. बापावरच्या कविता मुक्तछंदात का असतात ते आता कळलं असेल. 'सासू'ला आसू आणि हासू दोन्ही मिळतात, यजमानीण बघून निवडा. 'सून'ला ऊन, जून आणि खून, तेव्हा सुनेवर न लिहिलेलंच बरं. 'बहीण'ला चोख असं विहीणच सापडतं. 'भाऊ' वाढदिवसाच्या फ्लेक्सवर फार लागतो. तिथे 'टिकाऊ' लिहिताना हात जपा, निवडणुकीच्या दिवसांत टाइप करणाऱ्याच्या बोटांना 'विकाऊ'ची सवय झालेली असते.

मजकूर पाठवण्याआधी काम कोणी दिलंय ते विचारून घ्या. चार भाऊ असतील आणि दोघांचं बोलणं बंद असेल तर दुसऱ्या कडव्यात 'भाऊ' आणू नका, 'माय' आणि 'न्याय'ही एका ओळीत नको, वाटणीचा दावा कोर्टात असू शकतो. आणि खाली 'शोकाकुल'मध्ये कोणाचं नाव आधी, हे विचारायला तुम्हाला फोन येईलच. तो उचलू नका.