एक मीटर भिंत

शनिवारी मला इतिहास चढतो. सोमवार ते शुक्रवार मी फ्रँकफुर्टच्या ऑफिसात एक्सेलच्या रकान्यांपुढे निमूट बसलेला असतो. शनिवारी पहाटे मात्र अंगात वसंत व्याख्यानमाला संचारते. त्यात २०२३ च्या मे महिन्यात ४९ युरोंत महिनाभर देशभर हिंडायचा पास निघाला. पुढे तो ५८ चा झाला, पण तोवर व्यसन लागलं होतं. वेगवान गाड्यांना हा पास चालत नाही, त्यामुळे आम्ही ठेसनाठेसनावर थांबत इतिहासाकडे जातो. बायकोच्या मते हे इतिहासप्रेम नसून नुसतं पास वसूल करणं आहे. माणसाला इतकं ओळखणारी व्यक्ती त्याच्याच घरात असू नये.

हायडेलबर्ग झालं, बांबेर्ग झालं, रेगेन्सबुर्गचा बाराव्या शतकातला दगडी पूल झाला. सगळीकडे माझं भाषण एकच. कमरेवर हात ठेवायचे, मान वर करायची आणि म्हणायचं, "बघा, कसं जपलंय!" लेकीने मागे एकदा हे वाक्य एका दिवसात सतरा वेळा मोजलं.

त्या शनिवारी वुर्त्सबुर्गला एक आणि स्टाइनाखला दुसरी गाडी बदलून आम्ही रोथेनबुर्गला पोचलो. चौकातल्या घड्याळाखाली गर्दी माना वर करून उभी होती. तास पडला, खिडक्या उघडल्या. एकीतून सेनापती टिली डोकावला, दुसरीतून माजी महापौर नूश. नूशने पेला तोंडाला लावला. गोष्ट १६३१ ची, तीस वर्षांच्या युद्धातली. जिंकलेलं गाव टिली उद्ध्वस्त करणार होता. कुणीतरी सव्वातीन लिटर वाइन एका दमात संपवली तर गाव सोडतो, असं तो म्हणाला. नूशने ती संपवली आणि गाव वाचलं.

आता नानाकाकांबद्दल सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. वाईला एका लग्नात नानाकाकांनी पैजेवर एक्केचाळीस जिलब्या खाल्ल्या. मुलीचे वडील आधी कौतुकाने वाढत होते, पंचविसाव्या जिलबीला त्यांचं हसू गेलं, तिसाव्याला आचाऱ्याने आत जाऊन परातीवर झाकण घातलं. नानाकाकांनी फक्त करदोटा सैल केला. शेवटी तांब्याभर मठ्ठा घशाखाली उतरवून ते "चला, पाय मोकळे करू" म्हणत मेणवलीपर्यंत चालत गेले. माझ्या लहानपणी जिलब्या एक्केचाळीस होत्या. मी पुण्यात कॉलेजला गेलो तेव्हा पन्नास झाल्या. फ्रँकफुर्टातल्या गणपतीत मी त्या साठ सांगितल्या आणि वर आंबाबर्फी घातली. टिलीपुढे नूशऐवजी नानाकाका असते तर त्यांनी पेला संपवून "बरोबर काही चिवडाबिवडा?" असं नक्की विचारलं असतं. टिली सैन्यासकट परत गेला असता. नूशच्या पराक्रमावरही इतिहासकारांचा फारसा विश्वास नाही. पण त्याच्यावर १८८१ मध्ये नाटक रचलं गेलं, ते अजून होतं. नानाकाकांना नाटककार मिळाला नाही. मी मिळालो.

बायकोने तिथली 'श्नेबाल' नावाची मिठाई घेतली: कणकेच्या पट्ट्यांचा तळलेला गोळा, वर पिठीसाखर. एक घास खाऊन ती म्हणाली, "शंकरपाळ्याचं पीठ उरलं की तुझी आजी असंच काहीतरी तळायची ना?" मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, कारण पुढचं भाषण तयार होतं.

ते मी तटावर दिलं. तटाच्या आतल्या बाजूने छपराखालून चालायची वाट आहे. पूर्वेच्या अंगाला खालच्या गल्लीकडे बोट दाखवून मी म्हणालो, "सहाशे वर्षं! बघा, कसं—"

"बाबा, ही बाजू १९४५ मध्ये जळली," लेक पाटी वाचत म्हणाली. तिचं जर्मन शाळेतलं, माझं संध्याकाळच्या क्लासमधलं. "३१ मार्चला बॉम्ब पडले. हे सगळं नंतर बांधलंय."

म्हणजे मी ज्या गल्लीपुढे कमरेवर हात ठेवून उभा होतो, ती आमच्या अण्णांपेक्षा लहान होती.

तटात जागोजागी नावं कोरलेले दगड बसवले आहेत. पुन्हा बांधायला ज्यांनी पैसे दिले त्यांची ही नावं आणि पुढे आकडा: एक मीटर. जर्मन आहेत, जपानीही आहेत. माझा विनोद जिभेवर आला होता, की आपल्याकडे गडावर लोक फुकटात नाव कोरतात. तेवढ्यात लेक म्हणाली, "आपण घ्यायचा एक मीटर?"

विनोद घशातच राहिला.

वाईच्या आमच्या वाड्याची मागची भिंत तीन पावसाळे कललेली होती. हिस्सेदार सात. डागडुजीला कुणीच पैसे काढेना, एका मीटरचेसुद्धा. मग बिल्डर आला. अण्णांचा फोन आला, "तुझी सही तेवढी राहिलीय." मी अर्धा दिवस रजा टाकून इथल्या भारतीय वकिलातीत मुखत्यारपत्रावर सही केली. गर्दी नव्हती, काम पटकन झालं, म्हणून मी खूशही झालो. त्याच आठवड्याच्या शनिवारी आम्ही बांबेर्गला गेलो होतो. तिथे मी काय म्हणालो, ते लेकीला विचारा. तिने मोजलंय.

राग बिल्डरवर काढता येत नाही. त्याने कुणाचं काही चोरलं नाही. इथे लोकांनी पैसे देऊन भिंतीवर नाव लावलं. मी पैसे घेऊन कागदावर नाव लिहिलं, आणि भिंत गेली.

परतताना स्टाइनाखला गाडी चुकली. फलाटावर वाऱ्यात तासभर काढायचा होता. मी अण्णांना फोन लावला.

"अण्णा, वाड्यातल्या झोपाळ्याच्या कड्या भंगारात गेल्या?"

"माळ्यावर आहेत. पेपरात गुंडाळून."

मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "अकरा किलो भरतात. तुझ्या तेवीस किलोंत बसतील. वजन करून ठेवलंय तेव्हाच."