६५५३४ क्रमांकाचा मी

लॅबमध्ये ऑटोएफएस बसवल्यापासून माझी चाल बदलली आहे, असं बायको म्हणते. बदलणारच! ऑटो.होम फाइलीत मी लिहिली एकच ओळ: आधी तारा, मग सर्व्हरचा पत्ता, शेवटी अँपरसँड. तेवढ्यावर पोरांनी कुठल्याही पीसीवर बसावं, लॉगिन करावं, की ज्याची त्याची होम डिरेक्टरी हजर. नाव घेतल्याशिवाय ती दिसत नाही, आणि काही वेळ कुणी विचारलं नाही तर मुकाट्यानं निघून जाते. प्राचार्यांना कौतुकानं दाखवायला गेलो, तर रिकामं फोल्डर बघून म्हणाले, "काम अजून व्हायचंय वाटतं."

जाऊ दे. मी रूट आहे. लिनक्सवर रूट म्हणजे क्रमांक शून्य. त्याला परवानगी विचारायची कुणाची टाप नाही. पण सर्व्हरवरच्या होम डिरेक्टरी पीसीपर्यंत येतात त्या सन कंपनीनं १९८० च्या दशकात आणलेल्या एनएफएसमधून; त्यात रूट स्क्वॉश नावाचा नियम आहे, आणि लिनक्सवर तो न सांगता लागू असतो. क्लायंटवरून रूट आला, की सर्व्हर त्याचं शून्य काढून घेतो आणि ६५५३४ चिकटवतो. नाव: नोबडी. कारण रास्त आहे. पेनड्राइव्हवरून पीसी सुरू करून कुठलंही कार्टं रूट होऊ शकतं. पण त्या कार्ट्यात आणि माझ्यात काही फरक?

सबमिशनच्या दिवशी एका मुलीची फाइल सेव्ह होईना. "सर, तुम्ही ॲडमिन ना?" मी ऐटीत तिची डिरेक्टरी उघडायला गेलो. परमिशन डिनाइड. मग एसयू करून तिचं रूप घेतलं, तर सर्व्हरनं पायघड्या घातल्या. पीसी सांगेल तो क्रमांक तो खरा मानतो. ब्राउझरच्या कॅशेनं कोटा भरला होता, तो रिकामा केला.

तिच्याकडे लॅपटॉप नाही. प्रोजेक्ट, बायोडेटा, घरच्या बैलजोडीचा फोटो, सगळं त्या दोन जीबीत. तो कोटा ठरवताना मी पाच मिनिटंही विचार केला नव्हता.

"म्हणजे सर, तुम्ही कधीही मी होऊन आत येऊ शकता?"

मी घाईघाईनं कर्बेरॉसचं नाव घेतलं. त्यात नुसता क्रमांक चालत नाही, तिकीट लागतं.

"मग ते बसवा ना."

बसवतोय. सध्या लॅबमधल्या सगळ्या पीसींची घड्याळं जुळवतोय; पाच मिनिटांहून जास्त फरक पडला, तर कर्बेरॉस दारातही उभं करत नाही.