लायसन भाड्याने देणाऱ्या ठेकेदारास खुले पत्र

ठेकेदार साहेब,

टेंडर तुमच्या नावाचे, फलक तुमच्या नावाचा, बिलही तुमच्याच खात्यात. भामरागडकडच्या त्या रस्त्यावर मात्र तुम्हाला कोणी पाहिले नाही. तिथे दिसला तो तुमच्याकडून काम घेतलेला पेटी कंत्राटदार. तुमचा टक्का कापून जे उरले, त्यात त्याने गिट्टी कमी घातली आणि रोलर फिरवल्यासारखे केले. पर्लकोटा नदीच्या पुरापुढे कोणाचे चालत नाही. पण नाल्यावरचा रपटा पहिल्याच पावसात खचला, ते पाप नदीचे नाही. आता गरोदर बाईला खाटेवर टाकून नेतात.

बांधकाम विभागाने नोंदणी देताना तुमच्याकडून काय काय घेतले? ऐपतीचा दाखला, मागच्या कामांची प्रमाणपत्रे, यंत्रांची यादी, तांत्रिक माणसे, पॅन, जीएसटी. एवढ्या रकमेचे काम हा माणूस पेलेल, हे त्यावरून ठरले आणि तुमचा वर्ग ठरला. तपासली तुमची ऐपत, कामावर भलताच! लेखी परवानगीशिवाय काम दुसऱ्याला देता येत नाही, हे बी-१ करारनाम्यात आहे. वाचले नव्हते, तर सही कशाला ठोकली?

त्याहून चीड येते ती पोरांचे पाहून. गडचिरोली, चंद्रपुरात सिव्हिलचा डिप्लोमा घेतलेल्या गरिबाच्या पोराला कोण पहिले काम देणार? म्हणून शासनाने सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांची वेगळी नोंदणी ठेवली, लहान कामे तिघांत वाटायचे ठरवले: बेरोजगार अभियंते, मजूर सहकारी संस्था आणि खुले ठेकेदार. तुम्ही तिथेही शिरलात. नोंदणी पोराची, शिक्का मजूर संस्थेचा, नफा तुमचा. त्या पोराने अजून एक लेव्हलसुद्धा स्वतः घेतलेली नाही.

आणि या रस्त्याखालची जमीन कोणाची? २००६ च्या वनहक्क कायद्याने गावरस्त्यासाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते, हेक्टरी ७५ पर्यंत झाडे तोडता येतात, तेही ग्रामसभेची शिफारस असेल तरच. गावाने बसून ठराव केला, आपली मोहाची झाडे जाऊ दिली. तुम्हाला साधे येऊन उभे राहता आले नाही.

काम बिघडले तर तुम्हीच दुरुस्त करायचे, ती दोष दायित्वाची मुदत अजून सरलेली नाही, अनामत विभागाकडेच आहे. पावसाळ्याआधी स्वतः या. मजूर गावातले घ्या, मजुरी दर आठवड्याला द्या, आणि रपटा पुरा होईपर्यंत तिथून हलू नका.

— त्याच रस्त्याने जाणारा एक गावकरी