जनरलसाहेबांचा अहवाल आणि अर्धा तास

13 मार्च 2018. संरक्षणविषयक स्थायी समितीचे अहवाल संसदेच्या पटलावर आले. दुसऱ्याच दिवशी, 14 मार्चला, लोकसभेने देशाचा अख्खा अर्थसंकल्प मंजूर केला. चर्चा शून्य. सभागृहात गोंधळ, फलक, घोषणा. आणि त्या गदारोळात सगळ्या खात्यांच्या मिळून 99 अनुदानाच्या मागण्या, विनियोजन विधेयक आणि वित्त विधेयक असं सगळं साधारण अर्ध्या तासात हातावेगळं झालं. संसदेच्या भाषेत याला गिलोटिन म्हणतात. संरक्षणाचे 2 लाख 95 हजार कोटीही त्याच अर्ध्या तासात मंजूर झाले.

आदल्या दिवशीच्या अहवालात काय होतं? ते वाचून कोणत्याही खासदाराची झोप उडायला हवी होती.

उपलष्करप्रमुख लेफ्टनंट जनरल शरत चंद यांनी समितीसमोर हिशोब मांडला होता. लष्कराच्या आधुनिकीकरणासाठी मिळाले 21,338 कोटी. आधीच सह्या झालेल्या 125 योजना आणि तातडीच्या खरेद्या यांची बांधील देणी 29,033 कोटी. वजाबाकी करा. नवी एक रायफलही मागवायच्या आधीच 7,695 कोटींची तूट! पगार खात्यात पडायच्या आत हप्त्यांतच संपलेल्या घरासारखी ही अवस्था, आणि घर कोणाचं, तर दोन सीमांवर एकाच वेळी लढायची तयारी ठेवा असं ज्याला सांगितलेलं आहे त्या लष्कराचं.

दुसरा आकडा याहून बोचरा. कोणत्याही आधुनिक सैन्याकडे एक तृतीयांश सामग्री जुनी, एक तृतीयांश चालू पिढीची आणि एक तृतीयांश अत्याधुनिक असावी, असा ढोबळ दंडक आहे. आपल्याकडे? 68 टक्के जुनी, 24 टक्के चालू पिढीची, अत्याधुनिक फक्त 8 टक्के. अर्थसंकल्पाने आमच्या आशांवर पाणी फिरवलं, असं गणवेशातला इतका वरिष्ठ अधिकारी संसदीय समितीपुढे नोंदीवर सांगतो, ही साधी गोष्ट नाही. नोकरीत असलेला लष्करी अधिकारी वर्तमानपत्रात लिहीत नाही, सभेत बोलत नाही. देशाच्या प्रतिनिधींसमोर खरं बोलायची त्याची हक्काची जागा म्हणजे ही समितीची खोली. तिथे तो बोलला. चोवीस तासांत सभागृहाने त्यावर बोळा फिरवला.

या समितीचे अध्यक्ष होते भुवनचंद्र खंडुरी. निवृत्त मेजर जनरल, लष्कराच्या अभियंता दलातले. वाजपेयींच्या काळात सुवर्ण चतुष्कोनाचे रस्ते ज्यांच्या खात्याने बांधले तेच हे मंत्री, आणि उत्तराखंडचे दोनदा मुख्यमंत्री. खासदार सत्ताधारी भाजपचे. तरीही आपल्याच सरकारच्या तरतुदीवर त्यांच्या समितीने नेमकं बोट ठेवलं आणि मुलाहिजा राखला नाही. संरक्षणखर्चात खासदाराने काय करायचं असतं याचं याहून चांगलं उदाहरण आपल्या संसदेत मला तरी दिसत नाही. विचारायचं, खोदून विचारायचं, उत्तर लिहून घ्यायचं आणि आपल्या पक्षाला आवडो न आवडो, ते पटलावर ठेवायचं.

त्याच वर्षी सप्टेंबरात समितीची नव्याने रचना झाली आणि खंडुरींच्या जागी कलराज मिश्र आले. समितीची मुदत वर्षाचीच असते, त्यामुळे नियमाने यात वावगं काही नाही. पुढे काँग्रेसने जाहीर सभेत आरोप केला की प्रश्न विचारले म्हणूनच खंडुरींना हटवलं. आरोप-प्रत्यारोप राजकारण्यांकडे राहू देत. मला खटकतं ते वेगळं. ज्या अध्यक्षाने सरकारला अडचणीचा आकडा समोर आणला त्याला पुढच्या वर्षीही तिथेच बसवण्याची कोणालाच गरज वाटली नाही. हा नुसता योगायोग असला, तरी वाईट योगायोग आहे.

आता या समितीच्या हातात असतं तरी काय? 1993पासून खातेनिहाय स्थायी समित्या सुरू झाल्या. 31 सदस्य, 21 लोकसभेचे, 10 राज्यसभेचे. मंत्री असलेल्याला प्रवेश नाही. बंद दारामागे बैठक, त्यामुळे कॅमेऱ्यासाठी आरडाओरडा नाही. पक्षभेद विसरून माणसं कामाला लागतात. अर्थसंकल्प मांडल्यावर अधिवेशनाला जी सुट्टी मिळते ती याच कामासाठी. इथवर सगळं उत्तम. पण शिफारस बंधनकारक नाही. आणि लोकसभेच्या नियमांत आणखी एक पाचर मारून ठेवली आहे: समितीच्या अहवालात कपात सूचनेच्या स्वरूपाचं काहीही सुचवायचं नाही. म्हणजे तपासा, पण कात्री मागू नका. वाढवून मागायची सोय तर राज्यघटनेतच नाही. कलम 113 म्हणतं, लोकसभा मागणी मान्य करू शकते, नाकारू शकते, कमी करू शकते. मागणी मुळात राष्ट्रपतींच्या शिफारशीनेच येते, म्हणजे सरकारकडूनच. ही रचना चुकीची आहे असं मी म्हणत नाही. खर्चाची जबाबदारी सरकारची आहे. पण मग खासदाराकडे उरतं एकच शस्त्र, सभागृहातली चर्चा. तेच म्यान करून बसायचं?

अमेरिकेकडे पाहा. तिथे 1961पासून दरवर्षी संरक्षण अधिकृतता कायदा होतो. पैसे प्रत्यक्ष देणारं विधेयक वेगळं असतं, पण कोणतं विमान ठेवायचं, सैनिकांना किती पगारवाढ द्यायची, कोणता कार्यक्रम बंद करायचा, हे या कायद्यात एकेका कलमाने ठरतं. दोन्ही सभागृहांच्या सशस्त्र सेवा समित्या मसुदा कलमवार पिंजून काढतात. शेकडो दुरुस्त्या येतात आणि वादाच्या मुद्द्यांवर प्रत्येक सदस्याचं मत नोंदलं जातं. डिसेंबर 2020मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी हा कायदा नकाराधिकाराने परत पाठवला. प्रतिनिधी सभेने तो 322 विरुद्ध 87 मतांनी पुन्हा मंजूर केला. सिनेटने 1 जानेवारी 2021 रोजी 81 विरुद्ध 13 मतांनी. राष्ट्राध्यक्षांच्याच पक्षाचे कितीतरी सदस्य त्यांच्या विरोधात उभे राहिले.

त्या पद्धतीत खोट नाही असं कोण म्हणेल? हवाई दलाला ए-10 हे जुनं विमान निवृत्त करायचं होतं आणि अमेरिकी काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, वर्षानुवर्षं अडून बसली. ते विमान जमिनीवरच्या सैनिकांना जवळून आधार देतं, हा युक्तिवाद खरा होता. सिनेटच्या समितीचे अध्यक्ष जॉन मॅकेन यांच्या अॅरिझोना राज्यात त्या विमानांचा तळ होता, हेही तितकंच खरं. मतदारसंघातला तळ, मतदारसंघातला कारखाना, मतदारसंघातल्या नोकऱ्या. आपल्या खासदाराला आकडा वाढवताच येत नसल्याने हा रोग आपल्याकडे त्या रूपात येणार नाही. त्यांचा अतिरेक आपल्याला नको आहे. नोंदलेलं मत मात्र हवं आहे.

आणि चर्चा न होण्याची किंमत कशी मोजावी लागते, तेही बघा. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी 2017च्या अहवालात सांगितलं की, तपासलेल्या 152 प्रकारच्या दारूगोळ्यांपैकी 61 प्रकारांचा साठा दहा दिवसांनाही पुरणारा नव्हता. दरवर्षी मार्चअखेर परत जाणाऱ्या भांडवली पैशासाठी कायमस्वरूपी निधी काढू, अशी 25,000 कोटींची घोषणा जसवंतसिंहांनी 2004च्या अंतरिम अर्थसंकल्पात केली होती. स्थायी समितीने ती मागणी पुन्हा पुन्हा लावून धरली. शेवटी 2021मध्ये पंधराव्या वित्त आयोगाने पाच वर्षांसाठी सुमारे 2 लाख 38 हजार कोटींच्या अशाच निधीची शिफारस केली. एका घोषणेपासून त्याच शिफारशीपर्यंत 17 वर्षं. या 17 वर्षांत एखाद्या वर्षी जरी लोकसभेने दिवसभर बसून हा एकच प्रश्न धसास लावला असता, तर कोणत्याही पक्षाच्या अर्थमंत्र्याला तो टोलवणं अवघड गेलं असतं.

2018 हा अपवाद म्हणून सोडून द्यायचा, तर 23 मार्च 2023 आठवा. पुन्हा गोंधळ, पुन्हा गिलोटिन, पुन्हा सगळ्या खात्यांच्या मागण्या चर्चेविना मंजूर. सत्ताधाऱ्यांना घाई, विरोधकांना घोषणा प्यारी. दोन्ही बाजू दोषी आहेत आणि मी एकालाही सूट देणार नाही. 2025-26च्या अर्थसंकल्पात संरक्षणाची तरतूद 6 लाख 81 हजार कोटींवर गेली. केंद्राच्या एकूण खर्चाचा जवळपास साडेतेरा टक्के हिस्सा. त्यातले 1 लाख 60 हजार कोटी निवृत्तिवेतनाचे, 1 लाख 80 हजार कोटी भांडवली खर्चाचे. हे प्रमाण बरोबर की चूक, यावर एकमत होणार नाही, व्हायलाही नको. पण सभागृहात वाद तरी घाला!

महाराष्ट्राला हे परकं नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ लागतं, कारण तिथे पिढ्यान्‌पिढ्या घराघरांतून माणूस सैन्यात जातो. खडकी, देहूरोड, भुसावळ, अंबरनाथ, अंबाझरी, भंडारा इथे आयुध कारखाने. पुलगावला दारूगोळ्याचा प्रचंड साठा. माझगाव गोदीत युद्धनौका. 2016मध्ये पुलगावच्या आगीत जवानांचा आणि अग्निशमन दलाच्या कर्मचाऱ्यांचा जीव गेला. या राज्यातून लोकसभेवर 48 खासदार जातात. उत्तर प्रदेश सोडला तर इतके कोणाचेच नाहीत. जवानाच्या अंत्ययात्रेला यातले बहुतेक जण हजर असतात, आणि असावंच. पण त्या जवानाच्या हातातली बंदूक कोणत्या साली बनली, हे विचारायची जागा दिल्लीत आहे, आणि तिथे ते मार्चमध्ये विचारावं लागतं.

करायचं फार थोडं आहे. कोणत्या खात्यांच्या मागण्यांवर चर्चा घ्यायची हे कामकाज सल्लागार समिती ठरवते; त्या यादीत संरक्षण दरवर्षी असलंच पाहिजे, आळीपाळीने नव्हे. स्थायी समितीच्या अहवालानंतर निदान आठवडाभर गिलोटिन नको. अहवालातली कोणती शिफारस सरकारने का नाकारली, हे मंत्र्यांनी लेखी कृती अहवालात पुरून न टाकता सभागृहात उभं राहून सांगावं. यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही, एक रुपया लागत नाही. या 48 जणांपैकी तुमचा जो कोणी असेल, त्याला पुढच्या फेब्रुवारीत एक पत्र टाका आणि विचारा: संरक्षणाच्या मागण्यांवर चर्चा व्हावी म्हणून तुम्ही काय केलंत, आणि कधी?